गंधाराची पट्टी

ऑक्टोबरात भर दुपारी खिडकीच्या गजाला हात लावून बघायची मला खोड आहे. हात भाजतो, मी स्वतःलाच ‘म्हातारे’ म्हणून एक शिवी घालते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करते. पाऊस निघून गेलेला असतो, थंडीचा पत्ता नसतो, पंखा नुसती गरम हवा इकडची तिकडे करत असतो. शेजारपाजारचे या दिवसांना नावं ठेवतात. मीही ठेवते. पण तापलेल्या धातूचा वास नाकात गेला, की मी पुन्हा एकोणीस वर्षांची होते. अंधेरीच्या आमच्या दोन खोल्या दिसायला लागतात, आणि तिथे अण्णा, म्हणजे माझे वडील, मांडीवर फडकं पसरून कानस चालवत बसलेले असतात.

अंधेरी स्टेशनपासून पूर्वेला थोडं चाललं की भातशेती लागायची, हे आता सांगितलं तर लोक माझ्या वयाकडे बघून नुसती मान डोलावतात. पण लागायची. एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमाराची गोष्ट. या दिवसांत चकाला-मरोळच्या बाजूला कापणी चालू असायची. वाऱ्याबरोबर पेंढ्याचा भुसा यायचा आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायचा. आई दिवाळीच्या चिवड्याचे पोहे उन्हात घालायची आणि त्यांवर जुनी साडी पसरायची. दुपारी सगळी चाळ पेंगत असली की एकच आवाज यायचा, आमच्या बाहेरच्या खोलीतून. लांबच लांब रेंगाळणारा, जरासा डुलणारा. नवीन माणूस जिन्यात थबकायचा. जुन्यांना सवय झाली होती.

अण्णा मूळचे कुडाळकडचे. एका नाटक कंपनीत जलतरंग वाजवायला मुंबईत आले. कंपनी बुडाली, मंडळी पांगली आणि अण्णांकडे चिनी मातीच्या वाट्या तेवढ्या उरल्या. मी लहान असताना सकाळी उठले की ते वाट्यांचं अर्धवर्तुळ मांडून बसलेले दिसायचे. हातात एक चमचा, शेजारी पाण्याचा तांब्या. सूर उतरा हवा असला की वाटीत पाणी घालायचं, चढा हवा असला की काढायचं. थेंबाथेंबाचा हिशेब. कधी जास्त पडायचं, मग ते चमच्याने उचलायचे आणि हसायचे. “पाण्यासारखो मास्तर नाय,” म्हणायचे. “चुकलंस तरी परत घालूक देता.” अण्णा घरात आमच्याशी साधंच बोलायचे, पण मनातलं काही बोलायचं झालं की त्यांना कुडाळ आठवायचं.

पोटासाठी ते सिनेमाच्या स्टुडिओत जायला लागले. तिथे त्यांना आंतोनबाब भेटला. हा मरोळला राहणारा गोव्याचा सॅक्सोफोनवाला. सकाळी सिनेमाची गाणी वाजवायची आणि रविवारी दुपारी गावातल्या, म्हणजे फोर्टाकडच्या, एका हॉटेलात आपल्या चार माणसांना घेऊन जाझ वाजवायचं, असा त्याचा शिरस्ता. त्याची कोंकणी आणि अण्णांची मालवणी सख्ख्या बहिणी, त्यामुळे दोघांचं पहिल्या दिवसापासून जमलं. विलायतेला निघून गेलेल्या एका वादकाचा व्हायब्राफोन आंतोनबाबच्या घरी धूळ खात पडला होता. अण्णांचा जलतरंग ऐकून तो म्हणाला म्हणे, “परब, हात तेच लागतात. फक्त पाणी नको.”

आणि एके दिवशी बैलगाडीतून ते धूड आमच्या दारात आलं. चाकांवरची लांब चौकट, वर दोन ओळींत मांडलेल्या चकचकीत धातूच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीखाली एक नळी, नळीच्या तोंडाशी गोल चकती. विजेची मोटर चालू केली की चकत्या फिरायच्या आणि सूर डुलायला लागायचा. खाली पायाशी दांडी. ती दाबली की सूर रेंगाळत राहायचा, सोडली की मिटायचा. संध्याकाळी चाळीतले दिवे मंद झाले की मोटरही मंदावायची आणि सूर डुलता डुलता सुस्त व्हायचा. आई म्हणायची, “तुमच्या बाज्यालाही जेवायची वेळ झाली.” वाजवायच्या काठ्यांच्या टोकांना लोकरीचे गोळे असायचे. ते झिजले की आईच नवीन लोकर गुंडाळून टाके घालायची. माझ्या लहानपणच्या लाल स्वेटरची त्यात वाट लागली. आवाज किती मऊ हवा ते अण्णा सांगायचे आणि आई दोन वेढे कमी-जास्त करून द्यायची. अण्णांच्या वाजवण्याला चाळीत ‘मऊ हात’ म्हणायचे. त्यातला निम्मा हात आईचा होता, हे तिला शेवटपर्यंत कोणी म्हटलं नाही. मीसुद्धा नाही.

स्टुडिओत त्यांना काम मिळायचं ते एका ठरावीक जागी. नायिकेला स्वप्न पडलं, आकाशात चांदणी लुकलुकली, कोणाचं भूत पडद्यामागून गेलं, की अण्णांना बोलावणं. आम्ही सिनेमा बघायला गेलो की आई कोपरानं ढोसायची, “हे बघ, हिचे डोळे मिटायला लागले. आता तुझे अण्णा.” आणि खरंच तो डुलणारा सूर यायचा, पाच-सहा क्षण राहायचा, नायिका झोपायची, अण्णा संपायचे. सिनेमाच्या सुरुवातीच्या पाटीवर नाव संगीतकाराचं, गाणारीचं, लिहिणाऱ्याचं. वाजवणाऱ्यांची नावं त्या काळी कोणी लिहीत नसे. एवढ्या सिनेमांत अण्णा आहेत आणि कुठेच नाहीत.

म्हणून त्या ऑक्टोबरात आंतोनबाब आमच्या खोलीत येऊन, चहाची बशी हातात धरून जे बोलला, त्याचं मोल आम्हाला लगेच कळलं. त्याच्या मंडळींची एक तबकडी निघणार होती. एका बाजूला नाचाची चाल, दुसऱ्या बाजूला संथ चाल. त्या संथ चालीत व्हायब्राफोन पुढे आणि बाकीचे मागे. आणि तबकडीवरच्या गोल कागदावर अण्णांचं नाव छापणार. “इंग्लिशमध्ये?” आईनं विचारलं. “इंग्लिशमध्ये, भाभी,” आंतोनबाब म्हणाला. अण्णा उठले. त्यांनी पट्ट्या पुसायला घेतल्या, ज्या सकाळीच पुसलेल्या होत्या.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं माझ्यामुळे झालं.

मी गाणं शिकत होते. दिवाळीच्या तोंडावर माझी परीक्षा होती आणि मी दुपारभर तंबोरा घेऊन बसायचे. माझा सूर काळी पाच. योगायोग असा, की बँडवाल्यांची ती संथ चालही काळी पाचातलीच, ते तिला बी फ्लॅट म्हणायचे. त्यामुळे मी आतल्या खोलीत तंबोरा छेडायचे आणि अण्णा बाहेर त्यावरच आपली चाल घोळवायचे. दाराचा पडदा तेवढा मध्ये. त्या दुपारी मी आयुष्यभर पुरवून पुरवून वापरल्या आहेत. खर्जाची तार नीट लागली, की काही न करता तिच्यातून गंधार ऐकू येतो. कोणी लावलेला नसतो. शांत बसलं की तो वर येतो. आमच्या गाण्याच्या बाईंनी मला तो ऐकायला शिकवलं होतं, आणि एकदा तो कानात बसल्यावर मला दुसरा कुठला गंधार सोसेना.

अण्णांच्या पट्टीवरचा गंधार त्यापेक्षा केसभर चढा होता.

त्याचं कारण मला आज ठाऊक आहे. पियानो किंवा व्हायब्राफोन घडवताना सगळे सूर थोडे थोडे सरकवून घेतात, म्हणजे कुठलाही सूर सा धरून वाजवलं तरी चालून जातं. त्यात गंधार बिचारा वर ढकलला जातो. पुढे शाळेत पेटीवर पोरांना शिकवताना मी तो चढा गंधार तीस वर्षं वाजवला आणि मेले नाही. पण एकोणिसाव्या वर्षी माणसाला फार कळतं. मी पडदा बाजूला सारला आणि म्हणाले, “अण्णा, तुमचा गंधार चढा आहे.”

“पट्टी घडवणाऱ्यान तसोच दिलो हा.”

“मग घडवणाऱ्याचा कान चढा.”

अण्णा हसले. मग त्यांनी मला पुन्हा तंबोरा छेडायला सांगितला आणि पट्टीवर काठी टेकवली. दोन सूर हवेत राहिले. त्यांच्यामध्ये एक बारीक थरथर होती, डोळ्यात कुसळ गेल्यासारखी. अण्णांचं हसू गेलं. जन्मभर वाट्यांत थेंब घालत आलेला माणूस तो. त्यांना ती थरथर आधी ऐकू आली नव्हती असं मला वाटत नाही. पण कोणी बोललं नव्हतं तोवर ती चालून जात होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ती पट्टी दोरीतून सोडवली. मधल्या सप्तकातली गंधाराची पट्टी, वीतभरापेक्षा मोठी. ऊन खोलीत आलं होतं, पट्टी हाताला चटका देत होती. ती उलटी करून मांडीवर घेऊन ते तिच्या पोटाकडून कानस फिरवायला लागले. पांढरी भुकटी फडक्यावर पडायची. चार हात फिरवले की पट्टी गार होऊ द्यायची, जागेवर ठेवायची, वाजवायची, मी तंबोरा छेडायचा. “अजून?” “अजून जरासा.” पुन्हा चार हात. आई पोहे राखत दारात बसली होती. ती म्हणाली, “अहो, विचारा तरी आंतोनला.” अण्णा म्हणाले, “सूर काय आंतोनाचो असा?”

मग एकदा काठी पडली आणि थरथर नाहीशी झाली. तंबोरा आणि पट्टी वेगवेगळे ओळखू येईनात. अण्णांनी पायाशी दांडी दाबून धरली होती. सूर संपेपर्यंत आम्ही तिघं हललो नाही.

पुढचे चार-पाच दिवस आमच्या घरात जे सुख होतं, त्याला मी दुसरं नाव देऊ शकत नाही. अण्णा ती चाल वाजवत त्या गंधारावर येऊन थांबायचे, उगीचच थांबायचे. मी माझा रियाज सोडून ऐकत राहायचे. मला वाटायचं, हे मी केलं. आज विचार केला तर कळतं, बापलेकीमध्ये इतकं सरळ बोलणं आयुष्यात पुन्हा झालं नाही. आम्ही एकमेकांना आवडतो हे सांगायची आमच्याकडे पद्धतच नव्हती.

तालमीला मीही मरोळला गेले. चौकट आधीच हातगाडीवरून पोचली होती. पट्ट्या दोरीत ओवलेल्या असतात, चटई गुंडाळावी तशा गुंडाळता येतात. ते जड भेंडोळं पोटाशी धरून मी अण्णांच्या मागून शेताच्या बांधावरून चालत गेले. आंतोनबाबचं कौलारू घर, पडवीत क्रूसासमोर मेणबत्ती, आतल्या खोलीत पावसानं फुगलेला पियानो. पियानोवाला, बासवाला, ड्रमवाला, सगळे बनियनवर. चाल सुरू झाली. आंतोनबाबनं सॅक्सोफोनवर दोन ओळी म्हटल्या आणि मान हलवून अण्णांना जागा दिली.

सा, रे… आणि गंधार. त्याच क्षणी पियानोवाल्याचं बोट त्याच्या गंधारावर पडलं.

भातात खडा लागावा तसं झालं. पियानोवाल्यानं मान वर केली. आंतोनबाबनं हात उचलून सगळ्यांना थांबवलं. “परब, परत मार तो डी.” अण्णांनी आपला गंधार मारला. पियानोवाल्यानं आपला मारला. आता खोलीत ती थरथर सगळ्यांना ऐकू येत होती. फक्त या वेळी चूक आमच्या बाजूला होती.

“कितें केलें मरे तुवें ह्या पट्टीक?” आंतोनबाबनं पट्टी उलटी केली. पोटाकडची कानशीची ताजी खूण चमकली.

मी भिंतीपाशी स्टुलावर बसले होते. तोंड उघडलं असतं तर चार शब्दांचं काम होतं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला कळलं. “मीच घासलंय,” ते म्हणाले. “माका चढो वाटलो.”

कोणी रागावलं नाही, तेच वाईट. ड्रमवाला उठून पडवीत गेला. टोकांकडून घासलं तर सूर पुन्हा चढतो असं पियानोवाला म्हणाला, पण त्यालाही खात्री नव्हती. तबकडीचा दिवस तीन दिवसांवर आला होता. “बघूया,” आंतोनबाब म्हणाला, आणि त्याच्या ‘बघूया’त अण्णांचं नाव पुसट होताना मला स्पष्ट दिसलं. तो दुसऱ्या व्हायब्राफोनवाल्याला बोलावू शकत होता. गावात दोघे-तिघे होते, आणि त्यांचे सूर पियानोशी जुळणारे होते.

परतताना कापलेल्या शेतातून चाललो. भाताचे खुंट चपलेच्या वर टोचत होते. मी म्हणाले, “अण्णा, मी सांगायला हवं होतं.”

“काय सांगतलंस? सूर खोटो होतो म्हणून? खोटो नाय तो.”

थोडं पुढे गेल्यावर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “पाणी परत घालूक येता. धातू खंयसून घालूचो?”

मला रडू आलं. बापाचं नाव कधी नव्हे ते कुठेतरी छापलं जायचं होतं आणि मी माझ्या शहाण्या कानानं त्यावर कानस फिरवली होती. घरी आल्यावर मी तंबोऱ्याला गवसणी घातली. अण्णांनी ती काढली. “परीक्षा असा तुझी,” एवढंच म्हणाले.

तबकडीचं काम आणि माझी परीक्षा एकाच दिवशी आली. आंतोनबाबनं अण्णांना वगळलं नव्हतं. का, ते तेव्हा कळलं नाही. सकाळी अण्णा पट्ट्यांचं भेंडोळं घेऊन फोर्टात गेले आणि मी दादरला. परीक्षकांनी मला गंधारावर थांबायला सांगितलं. मी थांबले. त्यांनी डोळे मिटले. “पुन्हा लावा,” म्हणाले. मग विचारलं, “हा गंधार कुणी दिला तुम्हाला?” मी बाईंचं नाव सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण खरंही पुरतं नव्हतं.

संध्याकाळी अण्णा घामानं भिजून घरी आले. चपला काढायच्या आधी विचारलं, “गंधार लागलो?”

“लागला. तुमचं?”

“झालां. बरां झालां.”

तबकडी नाताळानंतर आली. आमच्याकडे ग्रामोफोन नव्हता, म्हणून आम्ही मरोळला गेलो. आधी अण्णांनी ती आईला दाखवली. आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं. अण्णांनी तिचं बोट धरून गोल कागदावरच्या एका ओळीवर ठेवलं आणि सावकाश सरकवलं. तिनं पदराला हात पुसून ते बोट पुन्हा एकदा स्वतःहून फिरवलं.

मग सुई टेकली. तीन मिनिटांची चाल. मी श्वास धरून त्या जागेची वाट बघत होते, की आता खडा लागेल. सा, रे… आणि गंधार आलाच नाही. रिषभ रेंगाळला, डुलला, आणि त्याच्या पलीकडे मध्यम उभा राहिला. घरात कोणी झोपलेलं असलं की आपण ओलांडून जात नाही, वळसा घालून जातो, तसे अण्णा त्या जागेला वळसा घालून जात होते. पहिल्या फेरीत, दुसऱ्या फेरीत, शेवटाला. वरच्या सप्तकातली पट्टी तर धड होती, तीही त्यांनी वाजवली नाही. मागे पियानोवाला आपला गंधार वाजवत होता, आंतोनबाब वाजवत होता, आणि मध्ये अण्णा तेवढा एक सूर मुका ठेवून चालले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बाहेर पडवीत जाऊन उभी राहिले. माझ्यामुळे माझ्या वडिलांच्या एकुलत्या तबकडीला भोक पडलं होतं.

पुढे अण्णांनी कामासाठी चौकटीत दुसरी पट्टी बसवली, आणि नायिकांची स्वप्नं पूर्वीसारखी चालू राहिली. घासलेली पट्टी त्यांनी लोकरीच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या तंबोऱ्याच्या खोळीत ठेवली. दुसरी तबकडी निघाली नाही. पहिलीच फारशी कोणी घेतली नव्हती म्हणे. अण्णा गेले तेव्हा मी तिशी ओलांडली होती आणि गोरेगावच्या एका शाळेत गाणं शिकवत होते. व्हायब्राफोन परत मरोळला गेला. तबकडी आईच्या ट्रंकेत, तिच्या एकुलत्या भरजरी साडीच्या घडीत. पट्टी माझ्याकडे.

हे सगळं मी कोणाला सांगितलं नव्हतं. पण गेल्या आठवड्यात, गज तापायला लागले त्याच सुमाराला, निखिल नावाचा एक तरुण पत्ता शोधत माझ्याकडे आला. बोरिवलीत पियानो शिकवतो. चोर बाजारात त्याला त्या तबकडीची एक प्रत सापडली होती, आणि जाझवर तो काही लिहितोय. सोफ्यावर बसता बसताच सुरू झाला.

“आजी, तीन मिनिटांत एकदाही थर्ड, म्हणजे तुमचा गंधार, नाही! बाकीचे वाजवतायत, हे एकटे वाजवत नाहीत. त्या काळात असा विचार करणं म्हणजे… काय स्टाईल आहे यार! माझे स्टुडंट प्रयत्न करतात, पण बोट जातंच तिथे. हे त्यांनी कुठून घेतलं?”

मी म्हणाले, “मला बाबा जाझमधलं काही कळत नाही.” आणि परीक्षकांसमोरची मी मला आठवले. इतक्या वर्षांनी तेच. तो गेल्यावर मला जेवण गेलं नाही.

काल त्याला पुन्हा बोलावलं. दुपारी दोनला. तंबोरा लावून ठेवला होता. पट्टी मांडीवर आडवी, दोन टोकांखाली दोऱ्याची रिळं, आणि आईनं गुंडाळलेली शेवटची काठी. तिची लाल लोकर आता विटकरी झाली आहे. मी पट्टी वाजवली. निखिलनं फोन काढून त्यावर सूर मोजला.

“आजी, हा डी उतरलेला आहे. बऱ्यापैकी.”

“फोन ठेव खाली,” मी म्हणाले आणि तंबोरा छेडला. “आता नुसता बस. दुसरं काही वाजवणार नाही मी.”

तो बसला. खालून रिक्षांचे भोंगे येत होते. मी तारा छेडत राहिले, दोन-तीन मिनिटं गेली. मग त्यानं मान वर केली, तंबोऱ्याच्या भोपळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “कोणतरी वर वाजवतंय,” तो हळूच म्हणाला. मी काठी पट्टीवर टेकवली. ते दोन्ही एकच निघालं.

मग मी त्याला सगळं सांगितलं. कानस, तालीम, माझी जीभ टाळ्याला चिकटली ते. आणि शेवटी, अण्णांच्या तेराव्याला आंतोनबाब काळा कोट घालून आला आणि गुडघे धरत आमच्या जमिनीवर बसला, तेव्हा तो मला जे म्हणाला होता, ते.

तो म्हणाला होता, “तुला ठाऊक नाय, बाय. रेकॉर्डच्या दिवशी माझ्या पिशवीत दुसरी पट्टी होती. हॉटेलातल्या व्हायब्राफोनवाल्याकडून मागून आणली, सेम मेक. मी म्हटलं, परब, घाल ही, दोन मिनिटांचं काम. त्यानं हातात घेतली, वाजवली, परत दिली. म्हणाला, रेकॉर्ड घराक येतली. चेडू आयकतलां, चेडू म्हणजे तू. तेका हो सूर खोटो लागतलो. मी म्हटलं, मग तुझी जुनी वाजव. म्हणाला, ती तुमका खोटी लागतली. वैतागलो मी. म्हटलं, मग कितें करतलो? तो म्हणाला, वाजवूचंय नाय.”

ते ऐकून मी तेव्हा तेराव्याच्या पंगतीतून उठून आत गेले होते आणि आईच्या कुशीत तोंड खुपसून रडले होते. इतकी वर्षं ज्याला मी भोक म्हणत होते, ती जागा अण्णांनी माझ्या कानासाठी मोकळी ठेवली होती, आणि त्यापायी स्वतःच्या नावाची तबकडी अर्धीमुर्धी होऊ दिली होती. आमच्याकडे एकमेकांना काही सांगायची पद्धत नव्हती असं मी वर लिहिलं आहे. ते तेवढं चूक आहे.

निखिलनं पट्टी उचलली. तिच्या पोटाकडच्या कानशीच्या खुणेवरून त्यानं अंगठा फिरवला. उन्हानं ती गरम झाली होती. मग अवघडून विचारलं, “आजी, मग मी काय लिहू? स्टाईल म्हणून लिहिलंय ते काढून टाकू?”

“काढ,” मी म्हणाले. “लिही, परबांकडे गंधार होता. घरी ठेवून आले होते.”